पीठ गरम येतंय, दगड बदलू का?

प्रश्न : आमच्या गिरणीत जोंधळ्याचं पीठ हल्ली लई गरम येतंय, मोटारपण लोड घेतीया. नवे दगड घ्यावेत का? – एक गिरणीवाले, खानापूर

उत्तर : थांबा की, आधी टाकी लावून बघा, म्हणजे छिन्नीनं दगडावरच्या खाचा पुन्हा पाडा. या खाचा, म्हणजे चऱ्या, झिजून गुळगुळीत झाल्या की दाणा कापला जात नाही, नुसता रगडला जातो आणि त्या घर्षणानंच पीठ तापतं. काव (तांबडी माती) लावलेली सरळ पट्टी दगडावर फिरवायची, रंग लागेल तिथं उंचवटा, तेवढा आधी ठोकून काढायचा, मग चऱ्या मधे खोल अन् कडेला उथळ होत जातील अशा मारायच्या, कडेला खोल गेल्या तर पीठ भरडच पडणार. चष्मा लावा, नाकातोंडाला मास्क पाहिजेच, ती धूळ फुफ्फुसाला वाईट (आपल्याकडं कोण ऐकतंय म्हणा). नंतरचं पहिलं दळण हलक्या धान्याचं घालून टाकून द्या, त्यात दगडाची कच येते.