वाचकांचे प्रश्न : मागितले दर, आले लॉगिनचे पान

प्रश्न : मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानासाठी मी एक लहान संकेतस्थळ तयार केले आहे. शेतकरी लॉगिन करून आपल्या गुळाची पट्टी पाहतो आणि तारीख निवडताच त्या दिवशीच्या सौद्यातील दर, पान पुन्हा न उघडता, तेथेच दिसतात. यासाठी जावास्क्रिप्टमधील 'फेच' वापरून सर्व्हरवरील पीएचपी फाइलकडे विनंती पाठवतो आणि उत्तर जेसन (माहिती देण्या-घेण्याची ठरावीक मजकूर-मांडणी) स्वरूपात घेतो. सकाळी सर्व सुरळीत चालते. पण तेच पान दुपारपर्यंत उघडे राहिले, तर अनेकदा दराचा चौकोन रिकामा राहतो आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन <' असा संदेश येतो. सर्व्हर बदलावा लागेल का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : सर्व्हर बदलण्यावर पैसे घालवू नका. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या संदेशातील '<' या एका चिन्हातच आहे. जेसन मजकुराची सुरुवात महिरपी किंवा चौकोनी कंसाने, अवतरणचिन्हाने, अंकाने, उणे चिन्हाने अथवा ट्रू, फॉल्स, नल या शब्दांनी होऊ शकते. '<' ने कधीच होत नाही. याचा अर्थ, सर्व्हरने उत्तर दिले आहे, परंतु ते जेसन नसून एचटीएमएल, म्हणजे वेबपान मांडण्याची भाषा, आहे. १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मधून ही पार्श्वभूमीवर विनंती पाठवण्याची सोय आली, तेव्हा उत्तर एक्सएमएलमध्ये (एचटीएमएलसारखीच '<' चिन्हांची मांडणी) यावे अशीच अपेक्षा असे आणि '<' दिसल्याने कोणी दचकले नसते. या तंत्रासाठी २००५ साली रूढ झालेल्या 'एजॅक्स' या नावातला शेवटचा एक्स त्याच एक्सएमएलचा.

आता हे एचटीएमएल येते कोठून? पीएचपीने छापलेली एखादी सूचना जेसनच्या आधी चिकटली, तरी हाच संदेश येतो. पण तसे असते तर सकाळीही आले असते. आपण सांगितलेली दुपारची वेळ सेशनकडे, म्हणजे लॉगिन केलेल्याची सर्व्हरने जपलेली ओळख याकडे, बोट दाखवते. पीएचपीच्या मूळ मांडणीत सेशनची माहिती १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, न वापरता पडून राहिली की ती काढून टाकण्यास पात्र ठरते. ती नेमकी कधी काढली जाईल हे ठरलेले नसते, म्हणूनच बिघाड दर वेळी न होता 'अनेकदा' होतो. सेशन गेल्यानंतर आपली फाइल बहुधा विनंती करणाऱ्याला लॉगिनच्या पानाकडे वळवत असावी. माणूस समोर असेल तर ते योग्यच आहे, पण 'फेच' त्या वळणावरून मुकाट्याने पुढे जाते, लॉगिनचे पान घेऊन येते आणि २०० हा यशाचा क्रमांक दाखवते. खात्री करायची असेल तर ब्राउझरच्या विकासक साधनांतील 'नेटवर्क' हा भाग उघडून, दुपारी बिघाड झाल्यावर, पुन्हा तारीख निवडा. दराच्या फाइलसमोर ३०२ (दुसरीकडे वळवल्याचा क्रमांक) आणि त्याखालच्या ओळीत लॉगिनच्या पानासमोर २०० दिसले, तर शंकेला जागा उरत नाही.

दुरुस्ती दोन्ही बाजूंनी करावी लागेल. माहिती देणाऱ्या फाइलने कोणालाही कोठेही वळवू नये. सेशन नसेल तर ४०१ हा 'लॉगिन हवे' असे सांगणारा क्रमांक आणि 'कृपया पुन्हा लॉगिन करा' एवढा मजकूर जेसनमध्येच पाठवून तेथेच थांबावे. कंटेंट-टाइप हा हेडर (उत्तराचा प्रकार सांगणारी, मजकुराआधी जाणारी ओळ) 'ॲप्लिकेशन/जेसन' असा आधी पाठवा आणि उत्तर छापताच 'एक्झिट' लिहा, म्हणजे संकेतस्थळाचा नेहमीचा तळभाग त्याला चिकटणार नाही. ब्राउझरच्या बाजूस लक्षात ठेवायचे ते असे, की ४०१ किंवा ५०० (सर्व्हरवरील बिघाडाचा क्रमांक) आले तरी 'फेच' त्याला अपयश मानत नाही. संपर्कच झाला नाही, तरच ते अपयश ठरते. म्हणून उत्तराचा 'ओके' हा, क्रमांक यशाचा आहे का ते सांगणारा, गुणधर्म तपासल्याशिवाय दर दाखवू नयेत. बहुतेक शिकवण्यांत हीच ओळ गाळलेली असते आणि नवशिक्यांचे अर्धे हाल ती नसल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

ज्या दिवशी सौदे बंद असतील, त्या दिवसासाठी मात्र चूक दर्शवणारा क्रमांक पाठवू नका. दर नसणे हेही खरे उत्तरच आहे; २०० सोबत रिकामी यादी द्या. तसेच उत्तरात तारीखही परत पाठवा. शेतकऱ्याने भराभर दोन-तीन तारखा बदलल्या, तर आधीच्या विनंतीचे उत्तर नंतर पोहोचू शकते आणि सोमवारच्या मथळ्याखाली शनिवारचे दर बसतात. आलेली तारीख निवडलेल्या तारखेशी जुळली नाही, तर ते उत्तर टाकून द्यावे.

गावांची नावे देवनागरीत असतील तर आणखी एक खबरदारी घ्या. मजकूर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत नसेल, तर पीएचपीचे जेसन बनवणारे फंक्शन 'फॉल्स' परत करते आणि ते छापल्यास उत्तर कोरे जाते. पीएचपी ७.३ पासून अशा वेळी अपवाद (एक्सेप्शन) उभा करण्याचा, म्हणजे चूक लगेच उघड करण्याचा, पर्याय आहे. तो चालू ठेवा आणि डेटाबेसच्या जोडणीचा अक्षरसंच 'यूटीएफ८एमबी४' आहे का ते पाहा.

प्रश्न : जेसनऐवजी सर्व्हरवरूनच दरांचा तयार एचटीएमएल तक्ता पाठवला तर चालेल का?
— तेच वाचक

उत्तर : चालेल, आणि एवढ्या लहान तक्त्यासाठी ते सोपेही पडेल. फक्त गावाचे किंवा शेतकऱ्याचे नाव तक्त्यात घालण्यापूर्वी 'एचटीएमएलस्पेशलचार्स' या फंक्शनमधून काढा, नाहीतर कोणीतरी नावाच्या रकान्यात लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालेल. सेशनची दुरुस्ती मात्र येथेही टळत नाही. ती न करता तक्ता पाठवू लागलात, तर कन्सोलमधला संदेश बंद होईल आणि दराच्या चौकोनात अख्खे लॉगिनचे पान उमटेल. पुढे मोबाइल ॲप काढण्याचा विचार असेल, तर जेसनच ठेवा.