गॅरेट विल्सन की क्रिस ओलावे: अंगाने टिकाऊ कोण, सामना फिरवणारा कोण?

दोघंही एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू. ओलावे सारखा दुखावतो आणि विल्सन कधीच बाहेर बसत नाही, हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय. २०२४ पर्यंत तरी खरं होतं. दोघं ओहायो स्टेट विद्यापीठाचे, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत) लागोपाठ निवडले गेले: विल्सन दहावा, न्यूयॉर्क जेट्सकडे, ओलावे अकरावा, न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे. पहिल्या तीन हंगामांतल्या ५१ सामन्यांपैकी विल्सन सगळे खेळला, ओलावे ३९. पण पास झेलून मिळवलेले यार्ड मोजा. विल्सनचे ३,२४९, म्हणजे सामन्याला ६४च्या आसपास. ओलावेचे २,५६५, म्हणजे जवळजवळ ६६. मैदानात असला की ओलावे तसूभरही कमी पडत नाही.

नुसते हुकलेले सामने मोजून भागत नाही, दुखापत कसली हेही बघावं लागतं. ओलावेच्या बाबतीत पायांपेक्षा मोठा प्रश्न डोक्याचा आहे. पहिल्या तीन हंगामांत चार कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला बसणारा धक्का), त्यातली दोन २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महिन्याभराच्या आत. त्या वर्षी तो आठच सामने खेळू शकला. मैदानाच्या मधोमध उंच आलेला पास हात वर करून घ्यायला गेलं की बरगड्या आणि डोकं उघडं पडतं, आणि सेफ्टी, म्हणजे बचावफळीतला सगळ्यात मागचा खेळाडू, नेमका तिथेच धडकतो. यात निम्मा दोष पास टाकणाऱ्याचा, म्हणजे क्वार्टरबॅकचा. स्नायू व्यायामाने बळकट करता येतो. मेंदूचं तसं नाही, एकदा मार बसला की पुढचा बसण्याचा धोका वाढतो.

विल्सनचं गणित २०२५मध्ये बिघडलं. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सामन्यात गुडघा दुखावला, नोव्हेंबरमध्ये परतला आणि तोच गुडघा पुन्हा गेला. हंगामात एकूण सात सामने. त्याच वर्षी ओलावेने मात्र हजार यार्डांचा टप्पा सहज ओलांडला.

खेळाची धाटणी वेगळी आहे. विल्सन सुरुवातीच्या दोन पावलांतच कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूला) चकवतो आणि झेलानंतरही निसटून यार्ड काढतो. ३१ ऑक्टोबर २०२४ला ह्यूस्टनविरुद्धचा त्याचा एकहाती झेल बघाच. पंचांनी आधी नाकारला, पण रिप्लेमध्ये नडगी मैदानाच्या रेषेच्या आत टेकलेली दिसली आणि टचडाऊन (सहा गुण) मिळालं. एनएफएलमध्ये झेल धरला जायला दोन्ही पाय आत पडावे लागतात. नडगी किंवा गुडघा टेकला तरी चालतं. ओलावेची ताकद लांबच्या पासमध्ये: चेंडू हवेत असताना वेग न मोडता त्याखाली पोचणं. झेलानंतर मात्र तो फारसं पळत नाही.

२०२३मध्ये विल्सनकडे १६८ पास आले, यार्ड १,०४२. ओलावेकडे १३८, यार्ड १,१२३. यावरून विल्सनला कमी लेखू नका. त्याचा क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स हंगामाच्या पहिल्याच सामन्यात चार खेळींनंतर जायबंदी झाला होता, पुढे बहुतेक हंगाम जेमतेम पासांवर काढावा लागला.

आखूड पासांवर आक्रमण उभं करायचं असेल तर मी आजही विल्सनच घेईन, फक्त धावता धावता एकदम वळताना त्या गुडघ्यावर तो बिनधास्त भार टाकतोय का, ते सरावात आधी बघेन. क्वार्टरबॅकचा लांबचा नेम चांगला असेल तर ओलावे. पण त्याला मधल्या पट्ट्यात उंच पास टाकायचे नाहीत, एवढं प्रशिक्षकाने कबूल करायला हवं.