हार्पसिकॉर्डच्या वेडाबद्दल, जरा उशिराने

अरे,

परवा कॉलेज रोडला चहा पिताना तू मोबाईलवर लिगेती या संगीतकाराची ती कंटिन्युअम नावाची हार्पसिकॉर्डची रचना (हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोसारखं, पण तारा छेडून वाजणारं जुनं युरोपियन वाद्य) ऐकवलीस आणि विचारलंस, काका, हार्पसिकॉर्ड वाजवणं आणि त्याच्यासाठी कंपोझ करणं, यात करिअर होईल का? मी विषय बदलला. खरं सांगायचं तर उत्तरच सुचलं नव्हतं, घरी आल्यावर सुचलं.

पैशाचं आधी. त्या वाद्यावर पोट भरतं ते मुख्यतः शिकवून आणि कंटिन्युओ वाजवून, म्हणजे इतरांना साथ करून, कागदावर नुसते खालचे सूर आणि आकडे, मधली भर आपण तिथल्या तिथे घालायची. मी संगीत नाटकाला पायपेटीवर इतकी वर्षं दुसरं काय केलं? साथच की. ती आधी शीक, सोलो नंतर.

पण तुझा प्रश्न कंपोझिंगचा होता. या वाद्यात पट्टी दाबली की जॅक, म्हणजे लाकडाची बारीक उभी पट्टी, वर उचलला जातो आणि त्यातली बारीक नखी तार छेडते, बस. हळू दाब नाहीतर आपट, आवाज जवळपास तेवढाच. (ही नखी पूर्वी कावळ्याच्या पिसाची करायचे, आता प्लॅस्टिकची असते. रामकुंडावर कावळ्याची वाट बघत बसलेली माणसं बघितली की मला हल्ली तेच आठवतं, काय करणार.) म्हणजे लहान-मोठा आवाज बोटातून मिळत नाही, तो लिहूनच आणावा लागतो, सूर वाढवून, सूर तोडून, एखादा सूर किंचित उशिरा टाकून. लिगेतीने 1968 मध्ये त्या उणिवेचाच फायदा घेतला, सूर इतके भराभर की छेडणं ऐकूच येत नाही, सलग गुणगुण होते. आपल्या पेटीला मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, नाही म्हणून 1940 पासून 1971 पर्यंत रेडिओवर बंदी होती, तरी वाजवणाऱ्यांनी त्यातूनच वाट काढली ना.

आणि तुला वाटतं तसं हे फक्त जुनं संगीत नाही रे. हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्या लांडोव्स्काबाईंसाठी फाल्या या स्पॅनिश संगीतकाराने 1926 मध्ये नवा कंचेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासोबतची रचना, लिहिला. फ्रान्सचा जाँ राँदो हार्पसिकॉर्ड वाजवतो आणि सिनेमाला संगीतही देतो. तेहरानला जन्मलेल्या महान इस्फहानीने 2016 मध्ये जर्मनीत कोलोनला स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची रचना हार्पसिकॉर्डवर वाजवायला घेतली तर लोकांनी एवढा गोंधळ घातला की मधेच थांबावं लागलं. नवं वाजवायचं तर हे पण धरून चाल, नाशिकमध्ये तर लोक गोंधळसुद्धा घालणार नाहीत, मिसळ खायला निघून जातील.

आता एक काम दे स्वतःला. पेटीचा भाता एकसारखा ठेव, जराही जोर नको, तबला नको, आणि यमनची एखादी बंदिश अशी वाजव की ऐकणाऱ्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळली पाहिजे. मी तुझ्या वयात केलं तेव्हा समेच्या आधी केसभर जागा सोडायला शिकायला चार महिने गेले, आणि गुरुजी मागे बसून पेपर वाचायचे, सम चुकली की पान उलटायचा आवाज मोठा व्हायचा.

ते जमलं की आठ मात्रांचं काहीतरी स्वतःचं लिही. आणि ट्यूनिंग शीक, कारण हार्पसिकॉर्डवाला स्वतःचं वाद्य स्वतःच लावतो, हवा बदलली की परत. रविवारी सकाळी पंचवटीत ये, पावसाने पायपेटीची पट्टी फुगून अडकलीय, ती काढायचीय. बारीक पेचकस घेऊन ये, माझा सापडत नाहीये.

काका