माडाची नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी का येते? झाड जाईल का?

हा गेंड्या भुंग्याचा उद्योग. तो मधल्या कोवळ्या कोंबात शिरून न उघडलेलं पान कुरतडतो, म्हणून पुढे ते पान उलगडलं की त्रिकोणी कापलेलं दिसतं. मोठं झाड सहसा एवढ्याने मरत नाही. लहान रोपाला मात्र जपा, कोंबच खाल्ला गेला तर संपलं.

शेंड्यात भोक आणि चोथा दिसला तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढा. मग वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू भरा; डांबरगोळ्या वाळूखाली ठेवल्या तरी चालतं, पण दीड महिन्याने पुन्हा घालाव्या लागतात.

खरं मूळ बहुधा तुमच्या शेणखताच्या खड्ड्यात असतं. खत उपसून बघा: पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या सापडतील. त्या वेचा, खत फार दिवस साठवू नका, कुजलेली खोडं परड्यात ठेवू नका. खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळली तर अळ्यांना रोग होतो.

घाबरायचं ते सोंड्या भुंग्याला. खोडाला छिद्रं, त्यातून तपकिरी चिकट रस, कान लावल्यावर आत कुरकुर, अशी लक्षणं दिसली तर थांबू नका, कृषी सहाय्यकाला बोलवा. हा भुंगा जखमेच्या वासाने येतो. त्यामुळे चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू नका, आणि हिरवी झावळी कधीच खोडालगत तोडू नका. तसंही हिरव्या झावळ्या ‘साफसफाई’ म्हणून उतरवायची हौस कशाला? नारळ त्यांच्याच जिवावर भरतो.