चांगल्या चालणाऱ्या जुन्या फोनला कंपन्या नवीन अँड्रॉईड का देत नाहीत? फोन बदलायलाच हवा का?

तुम्ही लिहिलंय की फोन २०२१ मध्ये घेतला, तेव्हा त्यात अँड्रॉईड ११ होतं, १३ पर्यंत आला आणि तिथेच थांबला. फोन हँग होत नाही, कॅमेरा चांगला आहे, तरी दुकानदार म्हणतो, "याला आता अपडेट नाही, एक्स्चेंजला टाका." कंपन्या हे मुद्दाम करतात का आणि फोन बदलावा का, असं विचारलंय.

फोन बदलू नका. मुद्दाम करतात का, याचं उत्तर बऱ्याच अंशी हो. दुकानदाराचं ते वाक्य वाचून राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय.

कराडला आमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. फोल्डर (म्हणजे स्क्रीन) बदलणं, चार्जिंगची पट्टी, बॅटरी, सॉफ्टवेअर मारणं ही कामं मी स्वतः करते. माझे धाकटे दीर एका शोरूममध्ये फोन विकतात. एकाच घरात एक जण फोन दुरुस्त करतं आणि दुसरा नवे विकतो, त्यामुळे या विषयावर आमचं कधी पटलं नाही.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांनी स्वतःच्या पैशांनी एक मध्यम किमतीचा फोन घेतला, तेव्हा काउंटरवर मिळालेल्या रंगीत पत्रकावर 'दोन मोठे अँड्रॉईड अपग्रेड' असं छापलेलं होतं. अण्णा प्रत्येक कागद पंच करून फाईलला लावतात, तसं ते पत्रक बिलामागे लावलेलं. पहिलं अपग्रेड उशिरा का होईना, आलं. दुसऱ्याची कंपनी बरेच महिने 'लवकरच' म्हणत राहिली आणि मग एके दिवशी जाहीर केलं की या मॉडेलवर चांगला अनुभव देता येणार नाही, म्हणून देत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, यात बहुतेक सगळ्यांची तऱ्हा सारखीच.

अण्णांनी फाईल काखेत मारली आणि मला सोबत घेऊन साताऱ्याचं सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरचा मुलगा नीट बोलला. म्हणाला, "काका, हे मॉडेल एंड ऑफ लाईफ झालंय." अण्णांनी पत्रक काढून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग हे घेताना का नाही सांगितलंत?" मुलाने पत्रक उलटंसुलटं केलं, आत जाऊन आला आणि मागच्या बाजूला अगदी तळाशी, भिंगाने वाचावी लागेल अशा अक्षरांतली ओळ दाखवली. अपग्रेड द्यायचं की नाही आणि कधी, हा निर्णय कंपनीचा राहील. अण्णांनी चष्मा पुसून ती ओळ वाचली, पत्रक परत फाईलला लावलं आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मुलांना आयुष्यभर 'दिलेला शब्द पाळा' सांगणाऱ्या माणसाला ते किती लागलं, हे मी शेजारी बसून पाहिलंय.

त्याच दिवाळीत भाऊजींनी विषय काढला. "वहिनी, तीन वर्षं झाली की फोन बदलायचाच. गाडीचा टायर नाही का बदलत?" आणि अण्णांच्या नावावर नवीन फोन हप्त्यांवर आणून ठेवला. हप्ते कोणाच्या पेन्शनमधून, ते सांगायला नको. घरातलं भांडण तिथून सुरू झालं आणि अजून पुरतं मिटलेलं नाही.

टायर झिजतो म्हणून बदलतात. अण्णांच्या फोनचा प्रोसेसर झिजला नव्हता, मेमरी झिजली नव्हती. झिजली होती फक्त बॅटरी, तीही इतकी फुगली होती की मागचं झाकण एका कडेने उचललं गेलं होतं. ब्लोअरने झाकण गरम केलं, पिक फिरवून काढलं. बॅटरीखालची चिकटपट्टी अर्ध्यात तुटली, मग कडेने आयपीए (साफसफाईचं अल्कोहोल) सोडून, प्लॅस्टिकचं कार्ड सरकवत सरकवत बॅटरी सुटी केली. फुगलेली बॅटरी स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला जाऊ नका, आग लागते. नवीन बॅटरी टाकली, बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम उघडणारा फोनमधला भाग, अनलॉक केला आणि लिनेजओएस हे हौशी लोकांनी अँड्रॉईडवरूनच बनवलेलं सॉफ्टवेअर त्यात भरलं. कंपनी जे अँड्रॉईड 'जमत नाही' म्हणत होती, त्याच्या पुढचं व्हर्जन त्याच फोनवर चालू झालं. आता तो सासूबाईंकडे आहे. भजनं, यूट्यूब, पुण्याच्या नातीचा व्हिडिओ कॉल, सगळं त्यावर होतं.

आता 'का' हा प्रश्न. गूगल अँड्रॉईड तयार करतं, पण ते थेट तुमच्या फोनवर बसत नाही. आधी चिप बनवणाऱ्या कंपनीने, म्हणजे क्वालकॉम किंवा मीडियाटेकने, त्या चिपसाठी नवीन ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि अँड्रॉईड जोडणारं सॉफ्टवेअर, द्यायचे, मग फोनच्या कंपनीने आपलं स्किन, म्हणजे रंगरूप, चढवायचं, मग गूगलच्या चाचण्या पार करायच्या. हे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं करावं लागतं, त्याला इंजिनियर लागतात, आणि तुमचा फोन विकून झालेला असतो. त्या अपग्रेडचे कंपनीला थेट पैसे मिळत नाहीत. मुख्य कारण हेच. 'चांगला अनुभव' वगैरे नंतर लिहिलेलं असतं.

चिपवाल्याने हात वर केले तर फोनवाला खरोखर अडकतो, हे मी नाकारत नाही. गॅलेक्सी नेक्सस हा गूगलचा स्वतःचा फोन २०११ चा. त्यातली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, आणि ती कंपनी २०१२ मध्ये मोबाईल चिपच्या धंद्यातून बाहेर पडली. २०१३ मध्ये अँड्रॉईड ४.४ आलं तेव्हा गूगलने याच फोनला वगळलं आणि १८ महिन्यांची मुदत संपल्याचं कारण दिलं. गूगलच्याच फोनची ही गत, तर बाकीच्यांचं काय? पुढे २०१७ मध्ये अँड्रॉईड ८ बरोबर ट्रेबल नावाची रचना आली, त्यात चिपचा भाग आणि अँड्रॉईडचा भाग वेगळा केला, म्हणजे अपग्रेडचं काम सोपं झालं.

पण अडचण आणि निमित्त यात फरक असतो. नेदरलँड्समधल्या फेअरफोन या लहान कंपनीचा फेअरफोन २ डिसेंबर २०१५ चा, त्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०१ चिप. क्वालकॉमने त्या चिपसाठी नवीन अँड्रॉईडला साथ देणं केव्हाच थांबवलं होतं, तरी या लोकांनी त्यावर अँड्रॉईड ७, ९ आणि शेवटी १० आणून दिलं आणि मार्च २०२३ पर्यंत सपोर्ट चालवला. सात वर्षं! मूठभर माणसांना जमतं ते कोट्यवधी फोन विकणाऱ्यांना जमत नाही, हे मी मान्य करणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर माझ्या टेबलावरचं आहे. रेडमी नोट ४ भारतात जानेवारी २०१७ मध्ये आला, एमआय ए१ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. दोन्ही शाओमीचे. दोन्हींचे बोर्ड माझ्या हातून गेलेत. पत्र्याचं शील्ड उचललं की आत तोच स्नॅपड्रॅगन ६२५. एमआय ए१ गूगलच्या अँड्रॉईड वन योजनेतला, अपडेट देण्याचा गूगलला शब्द दिलेला, म्हणून त्याला अँड्रॉईड ८ मिळालं आणि ९ सुद्धा. नोट ४ मात्र ७ वरच राहिला. त्याला मीयूआय, म्हणजे शाओमीचं वरचं स्किन, नवीन येत गेलं, पण खालचं अँड्रॉईड तेच. चिप एकच, कंपनी एकच. हौशी पोरांनी त्याच नोट ४ वर अँड्रॉईड ११ चालवून दाखवलं. मग सांगा, अडलं कशात?

ॲपलवाले छाती फुगवतात, तर त्यांचंही सांगते. आयफोन ५एस २०१३ चा, त्याच्या सिस्टिमचं, म्हणजे आयओएसचं, मोठं अपग्रेड १२ ला थांबलं, पण जानेवारी २०२३ मध्येसुद्धा त्याला सुरक्षेचा पॅच आला. हे मला पटतं: नवीन रंगरूप देऊ नका, पण कुलूप दुरुस्त करत राहा. तो फोन खऱ्या अर्थाने थकला कधी, तर ॲपं सोडून जाऊ लागली तेव्हा. मे २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने आयओएस १५.१ च्या खालच्या सगळ्या फोनांवर चालणं बंद केलं, त्यात ५एस आणि ६ गेले.

म्हणून तुमच्या फोनचं बघायचं असेल तर '१३ की १६' हे बघूच नका. सेटिंग्जमध्ये 'अबाऊट फोन'मध्ये जा, अँड्रॉईड व्हर्जनवर टॅप करा, तिथे 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख असते. ती तारीख अजून पुढे सरकतेय तोवर निर्धास्त राहा. बऱ्याच कंपन्या मोठं अपग्रेड थांबवल्यावर एक-दोन वर्षं पॅच देतात. अँड्रॉईड १० पासून तर सिस्टिमचे काही भाग थेट प्ले स्टोअरच्या वाटेने अपडेट होतात, क्रोम आणि वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपेज दाखवणारा भाग) सुद्धा तसेच होतात. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. पॅचची तारीख वर्षभर हललेली नसेल, तर त्या फोनवर बँक आणि यूपीआय ठेवू नका. सासूबाईंच्या फोनवर मी ठेवलेलं नाही. बूटलोडर अनलॉक असलेल्या फोनवर बँकेची बरीच ॲपं तशीही उघडत नाहीत, त्यामुळे तुमचा हा एकुलता एक फोन असेल तर माझं बघून लिनेजओएससारखं कस्टम रॉम मारायला जाऊ नका. आणि प्रत्येक अपग्रेड भल्याचंच असतं असंही नाही. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड ठोकला, तो जुन्या फोनांवर जड अपडेट लादून ते मंद केल्याबद्दल.

भाऊजींचं एक म्हणणं असतं की कंपनीला कोर्टात खेचून काही होत नाही. इथे त्यांच्याकडे पुरावा आहे: नेदरलँड्सच्या ग्राहक संघटनेने सॅमसंगवर अपडेटसाठी दावा लावला होता, तो २०१८ मध्ये फेटाळला गेला. पण त्याच युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट द्यायचे. कोर्टात हरले, पण कायदा आला. आणि दबाव आला की कंपन्यांना जमतंही. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून ७ वर्षांचा शब्द दिलाय. महागड्या फोनांना दिलाय, हे लक्षात ठेवा. पंधरा हजारांचा फोन घेणाऱ्याला इतकी वर्षं अजून क्वचितच मिळतात, आणि फोन सगळ्यात जास्त वर्षं वापरायची गरज त्यालाच असते.

आपल्याकडे असा नियम नाही. तुमच्याकडे लेखी वचनाचा कागद असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तरतूद आहे. अण्णांना मी हे सुचवलं होतं, ते नको म्हणाले.

सध्या बॅटरी तपासून घ्या, उतरली असेल तर बदला, हजार-दीड हजारात काम होतं. पुढे कधी नवीन फोन घ्याल तेव्हा सेल्समनला एकच विचारा: सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत, आणि ते लिहून द्या. हा प्रश्न मी भाऊजींना त्यांच्या शोरूममध्ये उभी राहून विचारलाय. डेमो फोनशेजारच्या कार्डावर मेगापिक्सेल होते, रॅम होती, चार्जिंगचे वॅट होते, अपडेटचं वर्ष नव्हतं. ते म्हणाले, "वहिनी, हे कोणी विचारतच नाही." खोक्यावर एमआरपी आणि उत्पादनाचा महिना छापायला कायद्याने लावलंय म्हणून तो छापतात. त्याच्याच खाली अपडेट कधी संपणार ते वर्षही छापायला लावलं पाहिजे, म्हणजे घेणाऱ्याला घेतानाच कळेल आणि भाऊजींनाही काउंटरवर ते सांगावं लागेल.