ग्रॅनी फ्लॅट लहान आहे, पण आई-बाबांना कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून आतून काय काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की सिडनीत घरामागच्या अंगणात ६० चौरस मीटरचा ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे मुख्य घराच्या आवारातलं छोटं स्वतंत्र घर, बांधायचंय, आई-बाबा वर्षातले काही महिने तिथे राहतील, आणि बिल्डरने दाखवलेले नमुने तुम्हाला काड्यापेटीसारखे वाटले. आम्ही चार वर्षांपूर्वी सिडनीच्याच ब्लॅकटाउन उपनगरात हेच केलं. त्यातलं निम्मं चुकलं, म्हणून लिहितोय.

६० चौरस मीटर म्हणजे जवळपास ६४५ चौरस फूट. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, ग्रॅनी फ्लॅटला साधारण एवढीच मर्यादा असते. माझे वडील मुंबईतल्या एका चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढले, घरात सात माणसं. नकाशा बघून ते म्हणाले, "अरे, यात आमच्या चार खोल्या बसतील." आणि तरी राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "इथे जरा घुसमटतं बुवा." मला आधी रागच आला. मग कळलं. चाळीत खोली लहान होती, पण दार दिवसभर उघडं आणि दाराबाहेर गॅलरी. बसल्या जागेवरून नजर गॅलरीतून समोरच्या चाळीपर्यंत जायची. आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसलं की समोर ९० सेंटिमीटरवर राखाडी पत्र्याचं कुंपण.

त्यामुळे रंग, आरसे, पडदे सगळं नंतर. आधी नकाशावर आई कुठे बसणार आणि बाबा कुठे बसणार तिथे ठिपका काढा आणि तिथून सरळ रेघ ओढा. ती रेघ भिंतीला, फ्रिजला किंवा कुंपणाला आपटत असेल तर खिडकी हलवा, नाहीतर खुर्ची हलवा. बाजूच्या कुंपणाकडे मोठी खिडकी देऊन काही उपयोग नाही, ती बंद पडद्याआडच राहते. आम्ही नंतर ती बुजवून छताखाली आडवी लांब खिडकी केली. आता तिच्यातून शेजाऱ्याच्या निलगिरीचा शेंडा आणि आभाळ दिसतं. पैसे दोनदा गेले.

आता दिशा. आपल्या डोक्यात दक्षिणेचं ऊन पक्कं बसलेलं असतं, इथे ते उलटं. इथलं ऊन उत्तरेचं. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जेमतेम ३३ अंशांवर असतो, डिसेंबरात ८० च्या आसपास. म्हणजे उत्तरेकडे सरकतं काचेचं दार आणि वर साठ सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर उन्हाळ्यात दुपारचं ऊन दाराला शिवतही नाही आणि हिवाळ्यात तेच ऊन तीनेक मीटर आत येऊन जमिनीवर पसरतं. आई त्या पट्ट्यात सतरंजी टाकून मेथी निवडत बसते. हीटर दुपारी बंद असतो तो त्यामुळेच. या दाराबाहेर घराच्या फरशीच्याच पातळीवर डेक, म्हणजे फळ्यांचा चौथरा, करा, मध्ये उंबरठा किंवा पायरी नको. आत-बाहेर एकाच रंगाची, एकाच दिशेला जाणारी फळी असली की नजर दाराशी अडखळत नाही आणि म्हाताऱ्या माणसाचा पायही. हीच त्यांची गॅलरी. फक्त ती तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर नको; सून बघतेय असं वाटलं की आई डेकवर बसायचीच नाही. एक जाळी आणि तिच्यावर चढवलेली जाई पुरते.

छताची उंची शक्य असेल तर नियमातल्या किमान २.४ मीटरवर थांबवू नका. एका बाजूला चढत जाणारं छत निदान बैठकीच्या भागात तरी घ्या. बेडरूममध्ये त्याची गरज नाही.

दारांचा हिशोब कोणी करत नाही. ८२ सेंटिमीटरचं दार उघडताना अर्धा चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन अडवतं, कारण तिथे काही ठेवता येत नाही. अशी चार दारं म्हणजे दोन चौरस मीटर गेले. म्हणून भिंतीत सरकणारी दारं उत्तम. पण आमची फजिती ऐका. बाथरूमला तसं दार घेतलं, आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कमोडशेजारी धरायला दांडा लावायला माणूस बोलावला. त्याने भिंतीवर दोन टकटक केल्या आणि मान हलवली. भिंत पोकळ, आत दार सरकतं, स्क्रू कशात मारणार? तेव्हा दार कोणत्या बाजूला सरकणार ते कमोडची जागा बघून ठरवा, आणि बाकीच्या भिंतींत जिप्रॉक (भिंतीवरचे प्लास्टरचे तक्ते) लावण्याआधीच लाकडी आधार घालून घ्या. आज दांडा नको असला तरी घाला. तेव्हा खर्च किरकोळ येतो.

फर्निचरचं सांगायचं तर इथल्या दुकानातला एल आकाराचा सोफा अजिबात घेऊ नका. तो एकदा बसला की खोलीचा मालक तोच. आपल्याकडे लहान खोलीत वस्तू तासागणिक बदलायच्या: रात्री गादी, सकाळी तिची वळकटी, जेवायला पाट. ती अक्कल इथे वापरा. भिंतीलगत पाऊण मीटर रुंदीचा दिवाण, खाली खण. दुपारी बाबा त्यावर आडवे होतात, पाहुणे आले की चारजण बसतात. जेवणाचं टेबल भिंतीला घडी होणारं. मधली जमीन मोकळी राहिली पाहिजे, कारण आपल्या आयांची निम्मी कामं जमिनीवरच होतात.

ओटा बैठकीलाच लागून असेल तर एक गोष्ट पैसे वाचवायला सोडू नका: रेंजहूडची, म्हणजे शेगडीवरच्या चिमणीची, हवा डक्टने थेट बाहेर जायला हवी. इथे बऱ्याच घरांत तो धूर गाळून परत खोलीतच सोडतो. टोस्टपुरतं ते ठीक आहे. लाल मिरचीची फोडणी बसली की धुराचा अलार्म वाजतो, आई घाबरून गॅस बंद करते, आणि पुढचे दोन दिवस पडद्यांना हिंगाचा वास. अशी खोली कितीही मोठी असली तरी कोंदटच. ओट्याखाली कपाटांऐवजी खोल ड्रॉवर घ्या, म्हणजे कुकर, पोळपाट आणि पिठाचे डबे वाकून शोधावे लागत नाहीत. मोठ्या बॅगा मात्र फ्लॅटमध्ये ठेवूच नका, तुमच्या गॅरेजात टाका. देवघराची जागा नकाशावरच ठरवा, नाहीतर ते मायक्रोवेव्हवर जाऊन बसतं. आमच्याकडे सहा महिने तिथेच होतं.

रंग पांढरा की नाही यावर फार डोकं शिणवू नका. आम्ही सगळं पांढरंशुभ्र केलं होतं, तर आई म्हणाली, "दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय." मग सायीसारखा रंग दिला. आरसा खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर लावा, उजेड पसरतो. पलंगासमोर नको. बाबा एकदा रात्री उठून स्वतःलाच "कोण आहे?" विचारत होते.

तुमच्या प्लॉटची उत्तर कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही. मागचं अंगण घराच्या उत्तरेला असेल तर वरचं सगळं सोपं आहे. दक्षिणेला असेल तर फ्लॅटची उत्तर नेमकी तुमच्या घराकडे येते, आणि हिवाळ्यात तुमच्याच घराची सावली त्याच्यावर पडते. तसं असेल तर नियमात बसेल तितका फ्लॅट मागे सरकवा, छत उत्तरेकडे चढतं घ्या आणि तुमच्या छपरावरून येणारं ऊन पकडायला वर खिडक्या द्या. बिल्डर त्याचा नेहमीचा नकाशा पुढे करेल, तो उलटा फिरवून मागायला लाजू नका. नकाशा इथे टाकलात तर बघून सांगतो.