तबल्याची चाट आणि एमपीथ्री

प्रश्न : वडील हौसेनं तबला वाजवायचे. घरच्या मैफलींच्या त्यांच्या कॅसेटी आता कॉम्प्युटरवर उतरवून घेतोय. मुलगा म्हणतो, एमपीथ्री केलं तर सगळं गेलं. फ्लॅकच (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) ठेवा आणि महागडा प्लेअर घ्या. महाद्वार रोडचा दुकानदार म्हणतो, फरक कुणालाच कळत नाही. माझं वय 58. खरं काय मानायचं?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी विचारा, कितीची एमपीथ्री? सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला 1411 किलोबिट लागतात. 128ची एमपीथ्री म्हणजे त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा. मोठ्या आवाजाच्या सावलीत दडलेलं बारीकसारीक कानाला ऐकू येत नाही, म्हणून ते वगळता येतं.

128वर मात्र मी नेमका तबल्याकडे कान लावतो. चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा ‘ना’ ऐका. एमपीथ्री आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे पाडते आणि काटछाटीत निघालेली खरखर त्या अख्ख्या तुकड्यात पसरते. बोल तुकड्याच्या मध्यावर पडला, की थोडी खरखर त्याच्या आधीच्या शांततेत सांडते. मग ‘ना’ची धार जाते, आधी पुसटसं ‘फस्’ लागतं. गाण्यात हे सहसा लपून जातं, तबल्यात लपत नाही. कॅसेटची सळसळही कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी किलोबिट असताना) पाण्याखालून आल्यासारखी गुळगुळते. वयानं वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं खरं, पण या खुणा खालच्या पट्टीतही सापडतात. आणि तुमचे कान तबल्यातच वाढलेत.

नीट केलेली 320ची फाइल मात्र मला मूळ आवाजापासून वेगळी सांगता येत नाही, आणि बहुतेकांना येत नाही.

घरी पारखून बघा. फूबार2000 या फुकट सॉफ्टवेअरला एबीएक्स या झाकून पारखण्याच्या चाचणीची जोड मिळते; कोणती फाइल वाजतेय ते झाकून विचारतं. दोन्ही फाइली एकाच मूळ प्रतीवरून करा आणि आवाज अगदी सारखा ठेवा, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला उगाच सरस वाटतं. हेडफोन तारेचा घ्या, ब्लूटूथ पुन्हा काटछाट करतं. नुसत्या अंदाजानं 16 पैकी 12 किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते, तेव्हा मुलाला तेवढी आणून दाखवायला सांगा.

तरीही जपून ठेवायची प्रत फ्लॅकच करा. त्यात काहीच गळत नाही. एमपीथ्रीतून गेलेलं परत येत नाही, आणि पुढं कुणी खरखर काढून ती पुन्हा एमपीथ्री केली, की नव्यानं काटछाट. अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात घरोघरच्या मैफली अशाच कॅसेटींवर उरल्यात. त्या एकदाच नीट उतरवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. ऐकायला, नातेवाइकांना पाठवायला 320 पुरे.

प्लेअर घेऊ नका. ते पैसे कॅसेट वाजवणाऱ्या डेकवर घाला. त्यातलं फीत वाचणारं हेड साफ करून घ्या आणि प्रत्येक कॅसेटला हेडचा कोन जुळवून घ्या. कोन चुकला तर चाटीची चमक फाइल होण्याआधीच जाते, आणि ते नुकसान 320 आणि फ्लॅकमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठं असतं.